अस्वल निघून गेल्यावर



घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर सर्व्हायव्हल गेम म्हणजे काय हे मी सांगायला नको. बर्फाळ रान नाहीतर झॉम्बींनी भरलेलं गाव, पाठीला पिशवी, आणि पडद्याच्या कडेला भूक, तहान, थकवा दाखवणाऱ्या पट्ट्या. काही खेळांत मनाचीही एक पट्टी असते, भीतीची आणि ताणाची. मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यामुळे ती पट्टी दिसली की माझा हात लाल पेनाकडे जातो.

तक्रार एकच आहे. या खेळवाल्यांना माणूस घाबरवता येतो, फार छान येतो. पण घाबरलेला माणूस निवतो कसा, हे त्यांनी नीट पाहिलेलंच नाही.

समोर अस्वल आलं असं धरा. मेंदूचा निरोप मज्जातंतूंवरून थेट मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जातो आणि काही सेकंदांत ॲड्रिनलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, पोटाकडचं रक्त पायांकडे वळतं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या पुस्तकात हे मांडलं. 'लढा किंवा पळा' म्हणून ते आपण सगळेच ऐकून आहोत आणि खेळवाल्यांना तर ते तोंडपाठ आहे.

पण त्याच अस्वलापायी दुसरा निरोपही निघालेला असतो. तो सावकाश जातो, रक्तातून. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीकडे, तिथून अधिवृक्काच्या बाहेरच्या थराकडे, आणि मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरतं. ते शिगेला पोचायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर अस्वल निघूनही गेलेलं असतं!

स्वयंपाकघरात चला. ॲड्रिनलिन म्हणजे गॅसची ज्योत. बटण फिरवलं की पेटली, फिरवलं की विझली. कॉर्टिसॉल म्हणजे वरचा लोखंडी तवा. पहिली भाकरी टाकताना तो अजून पुरता तापलेला नसतो, आणि शेवटच्या भाकरीला गॅस बंद केला तरी चालतं, तव्याच्या धगीवर ती होते. गॅस बंद केल्याबरोबर तव्याला कुणी हात लावील का? आपले गेमवाले बिनदिक्कत लावतात. अस्वल गेलं, पट्टी खाली, गडी ताजातवाना.

'डोन्ट स्टार्व्ह' हा कॅनडातल्या मंडळींचा २०१३ सालचा खेळ. मोठा कल्पक आहे. त्यात मनाची पट्टी खाली आली की रानातली फुलं तोडायची. एका फुलाला पाच गुण. फुलांनी बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही. पण जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाचा हिशेब फुलामागे पाच असा चुकता होत नाही हो. 'ॲम्नेशिया' हा २०१० चा स्वीडिश खेळ अंधारात असा काही घाबरवतो की पाहणाऱ्यालाही घाम फुटावा. तिथे कोडं सुटलं की मन पुन्हा ताळ्यावर. म्हणजे ज्योत अगदी हुबेहूब, आणि तव्याचा पत्ता नाही.

चांगलं काम केलंय त्यांना मार्क द्यायला हवेत. 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'मध्ये घबराट आणि ताण ही दोन वेगळी चिन्हं आहेत. घबराट उतरवायला बीटा ब्लॉकरच्या गोळ्याही ठेवल्यात. हे शास्त्राला धरून आहे, कारण ही औषधं हृदयावरचा ॲड्रिनलिनचा जोर अडवतात. 'द लाँग डार्क'मध्ये फार काळ घरात कोंडून घेतलंत तर पुढे घरात विश्रांतीच घेता येत नाही. म्हणजे शरीर उशिरा बिल पाठवतं, हे त्यांना कळलंय. आणि २०१६ चा 'डार्केस्ट डंजन', तो नेमका सर्व्हायव्हल गेम नव्हे, पण त्यातले शिपाई मोहिमेवरचा ताण घरी घेऊन येतात. परत आलं की ताण शून्य, असं नाही. कुणाला गुत्त्यात बसवावं लागतं, कुणाला प्रार्थनेला. हा तवा मला ओळखीचा वाटतो.

आता भुकेचं बघा. पुष्कळ खेळांत भुकेची पट्टी आपल्या ठरल्या चालीने उतरत असते, मागे अस्वल असो वा नसो. खऱ्या शरीरात धोका समोर असताना भूक मरते, पचन थांबल्यासारखं होतं. मग सगळं निवळल्यावर, कॉर्टिसॉल अजून रेंगाळत असताना, पुष्कळांना सडकून भूक लागते आणि गोडाची आठवण येते. केवढी सुंदर अडचण आहे ही खेळासाठी! वाचलात, आणि आता पिशवीतला शिधा एका बैठकीत संपवावासा वाटतोय.

कुणी म्हणेल, आजोबा, अर्धा तास थांबायला खेळणाऱ्याला वेळ कुठाय? अहो, 'डोन्ट स्टार्व्ह'मधला अख्खा दिवस आठ मिनिटांचा असतो. त्या मापाने अर्धा तास म्हणजे दहा सेकंद. दहा सेकंदांनी दुसरी पट्टी चढू द्या आणि हळूहळू उतरू द्या, एवढंच मागतोय मी.

मुद्दा कुणाचा निसटला असेल तर पुन्हा सांगतो. ज्योत लगेच विझते, तवा उशिरा निवतो. आणि निवायच्या आत दुसरी भाकरी टाकली, तिसरी टाकली, गॅस मोठाच ठेवला, तर पुढची टाकताक्षणी करपते. म्हणून दुसरं अस्वल पहिल्यासारखं असून चालणार नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचे प्रयोग छापले. थंडी असो, जखम असो, विष असो, छळ चालू राहिला की अधिवृक्क सुजत, जठरात व्रण पडत. आधी इशारा, मग तग, शेवटी थकवा, अशा पायऱ्या त्यांनी लावल्या. बहुतेक खेळ पहिल्या पायरीवरच फेऱ्या मारतात.

'नेव्हरमाइंड' नावाच्या खेळात खेळणाऱ्याच्या खऱ्या नाडीचे ठोके मोजून खेळ अवघड केला जातो. हुशारी आहे. पण नाडी ज्योतच दाखवते! कॉर्टिसॉल बघायला लाळ नाहीतर रक्त तपासावं लागतं, आणि ते पहाटे-सकाळी मुळातच चढलेलं असतं, मध्यरात्रीच्या सुमारास उतरलेलं, त्यामुळे रात्रीचं अस्वल आणि सकाळचं अस्वल यांच्यात... हा विषय मोठा आहे, आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून मला दोनच मिनिटं उरल्याची खूण होतेय.

तेव्हा गेम बनवायला शिकणारी जी मुलं-मुली ऐकताहेत, त्यांना एवढंच. कागद घ्या, दोन रेघा काढा. एक झटकन चढणारी, झटकन उतरणारी. दुसरी उशिरा चढणारी, त्याहून उशिरा उतरणारी. दुसरीला भूक, झोप आणि पुढची भीती जोडा. मग खुशाल अस्वल सोडा.