आईवडिलांचा आधार आणि आपली उतारवयाची शिदोरी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. मुलांना शेकडेवारी आणि चक्रवाढ व्याज शिकविण्यात आमची हयात गेली. परंतु फळ्यावरची उदाहरणे आणि संसारातली उदाहरणे यांत केवढे अंतर असते, हे आम्हांस फार उशिरा उमगले. ते आमच्या तरुण बांधवांस वेळेवर उमगावे, एवढ्याच हेतूने आज येथे उभे आहोत.

आपल्या ज्ञातीतील कोणतेही एक घर डोळ्यांपुढे आणा. कर्ता पुरुष पंचेचाळिशीचा. आईवडील पंचाहत्तरीचे, बहुधा गावी राहणारे. मुले महाविद्यालयात. घराच्या कर्जाचे हप्ते चालू, आणि स्वतःची निवृत्ती अवघ्या तेरा-चौदा वर्षांवर आलेली. एका पगाराला तीन वाटेकरी! यांपैकी मुलांच्या शिक्षणाचा खर्च मागण्यास महाविद्यालय चुकत नाही. आईवडिलांचे दुखणे तर सांगून येत नाही. मागत नाही ते फक्त आपले स्वतःचे म्हातारपण. म्हणून त्याचा वाटा नेहमी मागे पडतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता असे नाही, पण त्याचे स्वरूप निराळे होते. चार भावांची चूल एक होती, शेताचे धान्य घरात येत होते, आणि ऐंशी वर्षे जगणारा मनुष्य गावात विरळा होता. आज अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त झालेला मनुष्य पुढे वीस-पंचवीस वर्षे जगतो. त्यातून १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या नव्या नोकरांसाठी निवृत्तिवेतनाची जुनी व्यवस्था बदलून ती अंशदानाची करण्यात आली. खासगी नोकरीत आणि दुकानदारीत तर आमच्यासारख्यांना मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची सोय बहुतेकांना कधीच नव्हती. तेव्हा आपली शिदोरी आपणच बांधावयाची आहे.

आता आमच्या घरची एक हकीकत सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो. तथापि ती सांगितल्यावाचून आमचे म्हणणे पुरे होणार नाही.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका पेढीवर कारकून होते. निवृत्तिवेतन नाही, शेती नाही. आम्ही शिक्षक झाल्यापासून दर महिन्याच्या सात तारखेच्या आत त्यांना मनीऑर्डर करीत होतो. पावतीवर अण्णांची सही येई आणि आमचे कर्तव्य पार पडले, असे समाधान आम्ही मानून घेत असू. त्या पैशाचे काय होते, हे आम्ही कधी विचारले नाही. बापाला हिशेब विचारणे आम्हांस पाप वाटे. अण्णांनीही कधी सांगितले नाही. मुलापुढे पैशाचा विषय काढणे त्यांना कमीपणाचे वाटे.

१९९६ सालच्या सुमारास आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया करावयास हवी होती. "पुढच्या वर्षी पाहू," असे अण्णा म्हणत राहिले आणि आई गप्प राहिली. १९९९ साली एका पहाटे परसात जाताना तिला पायरी दिसली नाही. ती पडली आणि मांडीचे हाड मोडले. तिला शहरात आणून शस्त्रक्रिया करविली, त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून मोठी रक्कम उचलली. आमच्या सहा महिन्यांच्या मनीऑर्डरींत डोळ्यांचे काम भागले असते!

इस्पितळात आम्ही अण्णांना विचारले, "अण्णा, पैसे नव्हते तर तुम्ही कळविले का नाही?" अण्णांनी उत्तर दिले नाही. घरी गेल्यावर त्यांनी पेटीतून मुदतठेवीच्या पावत्या काढून आमच्या हाती दिल्या. सगळ्या आमच्या मुलाच्या नावे होत्या. "तुझा पगार केवढा, हे मला ठाऊक आहे, बाळ," ते म्हणाले. "तुलाही म्हातारपण येणारच की. म्हणून ठेवले बाजूला."

बंधुभगिनींनो, आई त्यानंतर पाच वर्षे जगली, पण काठीवाचून चालली नाही आणि देवळाची पायरी पुन्हा चढली नाही. अण्णांना दोष देण्याचे धाडस आम्हांस झाले नाही, आजही होत नाही. त्यांनी आमची चिंता केली आणि आम्ही त्यांची केली. दोघांनी एकमेकांशी बोलण्याचे तेवढे टाळले. त्या अबोल्याची किंमत आईने दिली.

यावरून आम्ही जे काही शिकलो, ते क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट, वर्षातून एकदा घरात पैशाची बैठक भरवावी. दिवाळीला सर्व भावंडे जमतात, तो दिवस उत्तम. आईवडिलांचे उत्पन्न किती, औषधांचा खर्च किती, ठेवी कोठे आहेत, कागद कोणत्या कपाटात आहेत, हे सर्वांना ठाऊक असावे. ठेवींवर वारसनोंद केली आहे की नाही हे पाहावे. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्यावर चार जणांपर्यंत नावे लावता येतात. मात्र वारसनोंद म्हणजे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र स्वतंत्रपणे करावे, आणि शुद्धीत व प्रकृती धड असताना करावे.

दुसरी गोष्ट, आईवडिलांचा पैसा आधी आईवडिलांवरच खर्च व्हावा. साठ वर्षांवरील नागरिकांसाठी २००४ साली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुरू झाली. तीत पाच वर्षांची ठेव असून व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते, आणि एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख रुपयांची आहे. बँकेत ठेव असेल तर प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या रकमेस विम्याचे संरक्षण आहे; फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखच होते. पतसंस्थांतील ठेवींस हे संरक्षण नाही. अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळते म्हणून आयुष्यभराची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. दुखण्याच्या बाबतीत, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबास वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. ते कार्ड वडीलधाऱ्यांचे काढले आहे काय, हे आज घरी गेल्यावर विचारा.

तिसरी गोष्ट आमच्या विषयाची, म्हणजे अंकगणिताची. महागाई वर्षाला शेकडा ६ धरली, तर खर्च सुमारे बारा वर्षांत दुप्पट होतो. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी ज्याचे घर ३० हजारांत चालते, त्याला सत्तराव्या वर्षी ६० हजार आणि ब्याऐंशीव्या वर्षी १ लाख २० हजार लागतील. आता बचतीकडे पाहा. दरमहा ५ हजार रुपये शेकडा ८ दराने दरमहा चक्रवाढीने तीस वर्षे ठेवले, तर सुमारे साडेचौऱ्याहत्तर लाख होतात. तेच पंधरा वर्षे ठेवले, तर सुमारे सव्वासतरा लाख. मुदत निम्मी झाली, तर रक्कम निम्मी न होता चौथाईहूनही कमी झाली! म्हणून "आधी सगळ्यांचे होऊ द्या, मग आपले पाहू," असे म्हणणारा मनुष्य फार महाग औदार्य करीत असतो. त्याचे औदार्य अखेर त्याच्या मुलांच्या माथी बसते. १९६८ पासून चालत आलेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी असो, २००९ पासून सर्व नागरिकांस खुली झालेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना असो, पगार हाती येताच आपल्या उतारवयाचा हप्ता आधी वेगळा काढावा. मग आईवडिलांचा हप्ता वेगळा काढावा. राहील त्यात संसार करावा.

चौथी गोष्ट भावंडांची. जो गावी आईवडिलांजवळ राहतो त्याने सेवा करावी आणि जो शहरात आहे त्याने पैसा द्यावा, ही वाटणी रास्त आहे. पण सेवेचे मोल पैशाहून कमी धरू नये. रात्री उठून सासूला पाणी देणारी सून कोणत्याही वहीत जमा दिसत नाही. तिच्या नावाने दरमहा काही रक्कम टाकली, तर ती मेहेरबानी नव्हे. आणि ही जबाबदारी केवळ मुलांची, मुलींची नव्हे, हा समज आता सोडून द्यावा. वृद्ध मातापित्यांच्या पोषणाचा भार १९५६ च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवरही ठेवला आहे, आणि १९८७ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित कन्येवरही तो येतो असे ठरविले. वडिलांच्या मिळकतीत कन्येचा हक्क आपण मान्य करतो, तर तिच्या कर्तव्याचाही मान राखावा.

पाचवी गोष्ट वडीलधाऱ्यांस सांगावयाची. मायेपोटी राहते घर हयातीतच मुलांच्या नावे करून देऊ नये. करणे भागच असेल, तर आपल्या पालनपोषणाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने, अशी अट असूनही सांभाळ न झाल्यास, ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. त्याच कायद्याखालील न्यायाधिकरण दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च देवविते. परंतु ज्या घरातील माणसे त्या दारी जातात, त्या घरातील बोलणे त्याच्या किती तरी आधी बंद पडलेले असते. आपल्या ज्ञातीतील कोणा घरावर ती वेळ येऊ नये, म्हणून मंडळातील जाणत्यांनी वेळीच मध्यस्थी करावी, अशी आमची विनंती आहे.

शेवटी एक कबुली देऊन पुरे करतो. गेल्या वर्षी आम्हांस ऐकू कमी येऊ लागले. आमच्या चिरंजिवांनी श्रवणयंत्रासाठी पैसे पाठविले. आम्ही ते नातीच्या नावे मुदतठेवीत टाकण्याकरिता बँकेत निघालो. पायांत वहाणा घालीत असता आमची सौभाग्यवती दारात येऊन म्हणाली, "अण्णांचे चिरंजीव शोभता खरे!" आम्ही तेथूनच मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी यंत्र घेतले, त्याची पावती मुलास पाठविली आणि सोबत आमच्या सर्व ठेवींची यादीही पाठविली. त्याचा लगेच दूरध्वनी आला. तासभर बोलणे झाले, आणि त्यातील प्रत्येक शब्द आम्हांस नीट ऐकू आला.

आपण सर्वांनी येत्या दिवाळीस आपापल्या घरी अशीच एक यादी करावी, एवढी विनंती आहे.