गाठ गेली, पण काठ पाहिला का?

(पालघर येथे आरोग्य स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, जखम भरली, की घरचे म्हणतात, "गाठ गेली, सुटलो." माणूस पुन्हा तारापूरच्या कारखान्यात नाहीतर शेतावर कामाला लागतो. मजुरी बुडवून कोण थांबणार?

सडका आंबा कापताना आपण डागाभोवतीचा थोडा चांगला भागही काढतो. सर्जनही तसेच करतात, कारण रोगाच्या सगळ्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. काढलेला तुकडा मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गाठीपासून कापलेल्या काठापर्यंत किमान 5 मिलिमीटर निरोगी भाग असला, तर काठ सुरक्षित मानतात. त्याहून कमी असला किंवा काठावरच रोग सापडला, तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पुन्हा ऑपरेशन किंवा रेडिएशन, कधी सोबत केमोथेरपी लागते. रेडिएशन शक्यतो ऑपरेशननंतर 6 आठवड्यांत सुरू व्हावे.

रोग मानेतही लपतो. परळच्या टाटा रुग्णालयाचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या रुग्णांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांपैकी 3 वर्षांनी 80 टक्के जिवंत होते. रोग मानेत दिसल्यावरच ग्रंथी काढायच्या, असे ठरवलेल्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते.

म्हणून पाड्यावर कोणी ऑपरेशन करून आला, की विचारा: रिपोर्ट आणला का? काठाबद्दल डॉक्टर काय म्हणाले? पुढची तारीख कोणती? एकट्याला जमत नसेल, तर बोईसरहून गाडीत सोबत बसा. पहिली 2 वर्षे विशेष जपायची. आणि तंबाखू, मिश्री, गुटखा पुन्हा तोंडात नको.