'हेल्दी' नाही, 'थोडे बरे': कढईतले चॉकलेट-ओट्स बार

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

  

आज रेसिपी सांगणार आहे. हो, रेसिपी. मागच्या भागात एपीआयवर बोललो आणि आज थेट चॉकलेट-ओट्स कुकी बार. पण थांबा, हा भाग स्किप करू नका, कारण यात एक बग आहे. तो मी स्वतः लिहिलेला आणि थेट माझ्या बाबांवर टेस्ट झालेला.

तर झालं असं. मागच्या दिवाळीनंतर दोन महिने मी कळंबला घरी राहून काम करत होतो. आपलं यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब, चिंतामणीचं. बाबांना सात वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या चालू, जेवण बऱ्यापैकी सांभाळून. एकच गोष्ट सुटत नव्हती, चार वाजताच्या चहासोबत चार ग्लुकोजची बिस्किटं. मी एक दिवस पुडाच उचलून ठेवला. तर म्हणाले, "बिस्कुटं बंद कर म्हनतो, मंग चहासंग खाऊ काय?"

प्रश्न बरोबर होता. मग मी रात्री बसून दहा-बारा व्हिडिओ पाहिले. सगळीकडे तेच: मैदा नाही, साखर नाही, ओट्स, गूळ, खजूर, हेल्दी, गिल्ट फ्री. म्हटलं, हेच करू.

घरात ओव्हन नाही. पण तसं पाहिलं तर आपल्याकडे ओव्हनशिवाय भाजणं काही नवीन नाही. विदर्भातल्या लोकांना रोडगे माहीत आहेत. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून, चारही बाजूंनी मंद आच देऊन भाजतात. बेकिंग म्हणजे वेगळं काय असतं? सगळीकडून सारखी, मंद आच. आणि दिवाळीत रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायची, हे तर तुमच्या घरीही झालं असेल. तेच काम जाड बुडाची जुनी कढई करते. आई तेवढी म्हणाली, "कढई जाळून ठेवशीन, अन् घासा लागन मले."

पहिला घाणा मस्त झाला. त्यात 150 ग्रॅम गूळ होता, मूठभर खजूर, मध नव्हता नशिबाने, आणि वरून 100 ग्रॅम गोड चॉकलेट कंपाउंड. सोळा तुकडे पाडले. बाबांना सांगितलं, "हेल्दी आहे, मैदा-साखर काही नाही, खा बिनधास्त."

त्यांनी ऐकलं. बिनधास्त खाल्ले. रोज तीन. संपले की मी पुन्हा करायचो, आणि मलाच भारी वाटायचं.

तीन आठवड्यांनी घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतरचा आकडा 241 आला. आधी तो 170-180 च्या आसपास असायचा. पुन्हा तपासला, तेच. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी बदलली आणि विचारलं, खाण्यात नवीन काय आलं? बाबा म्हणाले, काहीच नाही. बिस्किटंसुद्धा बंद केली. ते खोटं बोलत नव्हते. माझ्यावर विश्वास ठेवून बोलत होते. मी तिथेच शेजारी बसलो होतो.

घरी येऊन जे आधी करायला हवं होतं ते केलं. एक्सेल उघडलं.

ग्लुकोजच्या बिस्किटांवर साखर लिहिलेली असते 100 ग्रॅममागे साधारण 25 ग्रॅम. एक बिस्किट अंदाजे 5 ग्रॅमचं. म्हणजे चार बिस्किटांत 20 ग्रॅम माल आणि त्यात 5 ग्रॅम साखर. आता माझे बार. गूळ 150 ग्रॅम. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, थोडी खनिजं आणि वास सोडला तर रक्ताला फारसा फरक कळत नाही. चॉकलेट कंपाउंडमधली साखर धरली साधारण 50 ग्रॅम. झाले 200. भागिले सोळा, साडेबारा. एका बारमध्ये साडेबारा ग्रॅम! रोज तीन बार म्हणजे 37 ग्रॅमच्या वर, आणि खजूर अजून मोजलेलेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेलं आहे की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवा, शक्य असेल तर 5 टक्क्यांखाली. हे 5 टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ग्रॅम.

म्हणजे मी बाबांची 5 ग्रॅम साखर बंद करून 37 ग्रॅम सुरू केली होती, आणि वर 'हेल्दी'चं लेबल लावलं होतं. सगळी चूक बारची होती असं मी म्हणत नाही, शुगर वाढायला दहा कारणं असतात. पण हे एक कारण मी स्वतःच्या हाताने भाजून देत होतो.

बघा, 'हेल्दी' हा शब्द फार सैल आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की दुधात घालायच्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. कंपन्यांना आपण नावं ठेवतो. मी घरात तेच केलं होतं. आणि हा फक्त माझ्या घरचा प्रश्न नाही. 2023 मध्ये आयसीएमआरचा मोठा अभ्यास आला, त्यानुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. हे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात ग्लुकोमीटरचा तो छोटा डबा असेलच.

आता दुरुस्त केलेली रेसिपी. याला मी 'थोडे बरे बार' म्हणतो. लिहून घ्या.

रोल्ड ओट्स 200 ग्रॅम. यातले अर्धे मिक्सरमधून पीठ करून घ्या, अर्धे अख्खे ठेवा. सगळे दळू नका, कारण जेवढं बारीक तेवढं पटकन पचतं आणि साखर तेवढी पटकन चढते. दुकानात ओट्स मागितले की मसाला ओट्सचा पुडा हातात येतो, तो चुकूनही घेऊ नका. चॉकलेट आणि मटार-मसाला हे कॉम्बिनेशन मी घरी करून पाहिलंय. नको.

पूर्ण पिकलेली, साल काळपट झालेली दोन मोठी केळी, सोललेली 200 ग्रॅम भरतील एवढी. भाजलेले शेंगदाणे 80 ग्रॅम, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवायचे, कुटावर थांबायचं नाही. गुळाची पावडर 60 ग्रॅम. साधं तेल दोन मोठे चमचे, दही तीन मोठे चमचे. कोको पावडर तीन मोठे चमचे, म्हणजे 20 ग्रॅम. अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. आणि वरून 70 टक्क्यांचं डार्क चॉकलेट, 40 ग्रॅम, चाकूने चिरून.

कोको घेताना पुडा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलाच शब्द साखर असेल तर तो कोको नाही, ड्रिंकिंग चॉकलेट आहे, परत ठेवा. तसंच कंपाउंडचं. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं आणि साखर भरपूर.

कृती सोपी. केळी कुस्करा, त्यात गूळ, दही, तेल आणि शेंगदाण्याची पेस्ट घालून फेटा. मग ओट्स, कोको, मीठ. दहा मिनिटं झाकून ठेवा, ओट्स ओल शोषून घेतात आणि मिश्रण घट्ट होतं. सोडा अगदी शेवटी घाला, कारण दह्याशी गाठ पडली की त्याचे बुडबुडे लगेच सुरू होतात आणि वाट बघत बसलं तर जोर निघून जातो. सात इंची चौकोनी टिनला तेल लावा, बटर पेपर टाका, मिश्रण थापा, वरून चॉकलेट पसरा.

कढईत तळाला बोटभर मीठ, त्यावर एक स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग टिन ठेवा आणि गॅस बारीक. 35 ते 40 मिनिटं. पहिली 25 मिनिटं झाकण उघडायचं नाही, आतली ऊब जाते. ओटीजी असेल तर 180 डिग्रीवर 20 ते 25 मिनिटं पुरतात. टूथपिक टोचल्यावर ओलं पीठ चिकटलं नाही की झालं, थोडे दमट कण लागले तर चालतात. कुकर मात्र वापरू नका. पाण्याशिवाय तापवला तर खराब होतो. आणि कढईतलं मीठ फेकू नका, गार करून बरणीत भरा, पुढच्या वेळी तेच कामाला येतं. आईची कढईसुद्धा शाबूत आहे, नोंद घ्यावी.

सगळ्यात अवघड स्टेप आता. गार होऊ द्या. पूर्ण. तासभर तरी. गरम कापले तर भुगा होतो, मग तो चमच्याने खाल्ला जातो आणि चमच्याने खाल्लेलं कोणी मोजत नाही. गार झाल्यावर चार बाय चार, सोळा तुकडे.

ओट्स मिळाले नाहीत तर? दळायचे ते 100 ग्रॅम ओट्स काढून तेवढंच ज्वारीचं पीठ घ्या, आधी कढईत हलकं भाजून. आपल्या भागात ज्वारी घरात असतेच. बार थोडा ठिसूळ होतो, पण केळ धरून ठेवतं. मला तर तीच चव जास्त आवडते.

आता हिशोब. गूळ 60, डार्क चॉकलेटमधली साखर साधारण 12, एकूण 72 ग्रॅम. भागिले सोळा, साडेचार ग्रॅम. केळ्याची स्वतःची साखर दीडेक ग्रॅम अजून. एका बारला कॅलरी साधारण 135. म्हणजे साखरेच्या बाबतीत एक बार म्हणजे जवळपास चार बिस्किटं, आणि कॅलरीच्या बाबतीत सहाएक!

"मग फायदा काय?" हे बाबांनीच विचारलं. फायदा आहे. बार वजनाला साधारण दुप्पट, 37-38 ग्रॅम. त्यात ओट्सचा आणि शेंगदाण्याचा फायबर आहे, थोडं प्रोटीन आहे, एका बारने पोट भरल्यासारखं वाटतं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा फायबर असतो, तो पोटात जेलसारखा होतो आणि साखर रक्तात जरा सावकाश जाते. पण इथेही हिशोब करा. कोलेस्टेरॉल कमी होण्यासाठी दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं असं मानलं जातं. अमेरिकेच्या एफडीएने 1997 मध्ये ओट्सच्या पुड्यांवर तो दावा छापू दिला, तो याच आकड्यावर. आपल्या एका बारमध्ये ते येतं अर्धा ग्रॅम. म्हणजे तो फायदा हवा तर रोज सहा बार खावे लागतील, सोबत 27 ग्रॅम साखर! त्यापेक्षा सकाळी साधा ओट्सचा उपमा खा.

म्हणून हा बार औषध नाही. नाश्ता नाही. हा खाऊ आहे, फक्त जरा बरा खाऊ. घरात कोणाला शुगर असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून द्या, खाल्ल्यावर दोन तासांनी मोजून बघा आणि गोळ्यांशी खेळू नका.

टिकण्याचं सांगायचं राहिलं. केळं आहे, त्यामुळे बाहेर दोन दिवस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढेही नाही, थेट फ्रीज. फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस चालतात.

बाबांचं काय झालं? हा सगळा हिशोब मी त्यांच्यासमोर मांडला आणि सांगितलं, चूक माझी होती. ते आधी थोडे चिडले. "काहून रे, तूच तं म्हनला होता हेल्दी हाये म्हनून." म्हटलं, हो, चुकीचं सांगितलं होतं. मग ठरलं: चार वाजता एक बार, चहा बिनसाखरेचा, आणि नंतर चिंतामणीच्या देवळापर्यंत पायी जाऊन यायचं. आकडा आता पुन्हा 170-180 वर आलाय. बदललेल्या गोळीमुळे, चालण्यामुळे की बारमुळे, ते मी सांगणार नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर कोणत्या एकीला श्रेय देता येत नाही, हे तुम्हाला आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल.

आईने डब्यावर मार्करने मोठ्ठा '1' लिहून ठेवलाय. तरी परवा मी स्वयंपाकघरात गेलो तर बाबा डबा उघडून उभे. मी नुसतं बघितलं. तर म्हणाले, "कडचा तुकडा हाये, बारका. कड मोजाची नसते."

मोजायची असते. पण मीपण एक घेतला.

तुम्ही केलेत तर कसे झाले ते कळवा, फोटो पाठवा. आणि घरी कोणाला 'हेल्दी आहे, खा' म्हणण्याआधी एकदा भागाकार करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!