पोराच्या झोपेची गोळी



'पोराक रातची झोपच येणा नाय' ही तक्रार आता वालावलसारख्या गावातही ऐकू येते. कर्ली नदीच्या काठचं, लक्ष्मीनारायणाच्या देवळाचं आणि तळ्याचं हे गाव. इथे शहराचा झगमगाट नाही, रात्रभर धावणाऱ्या गाड्या नाहीत. तरी दहा-साडेदहा वाजले तरी पोर टक्क जागं असतं. आईबापांचा दिवस पहाटे सुरू झालेला असतो, त्यांचे डोळे मिटायला लागतात. अशा वेळी मुंबईहून आलेली एखादी मावशी किंवा काकी सांगते, "अगो, त्याला मेलाटोनिन दे. गमी मिळते, फळाच्या चवीची. पोरं मागून खातात." फोनवरून मागवली की डबी घरपोच येते. ती मुलाला द्यावी का, एवढाच आजचा विषय आहे.

मुलाला झोप लागावी म्हणून काहीतरी द्यायचं, ही कल्पना आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे माड-पोफळीच्या बागांत जायफळ पिकतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा त्याच्या खास जाती काढल्या आहेत. हेच जायफळ पिढ्यान्‌पिढ्या बाळाच्या गुटीत आलं. सहाणेवर दुधात एक-दोन वेढे उगाळायचे, त्याहून जास्त नाही. वेढे मोजण्यात आपल्या आज्या फार काटेकोर होत्या आणि त्याला कारण होतं. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. मोठ्या माणसाच्या पोटात पाचेक ग्रॅम, म्हणजे साधारण एक अख्खं जायफळ गेलं, तरी छाती धडधडणं, उलट्या, भ्रम असे त्रास होऊ शकतात. तेव्हा 'झाडाचं आहे, मग निर्धोक आहे' हे म्हणणं जायफळालाही लागू पडत नाही. पहिल्या सहा महिन्यांत तर बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये, गुटीसुद्धा नाही, असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं.

याहून कडू इतिहास मुंबईचा आहे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आपल्या कुडाळ-मालवणातूनही, हजारो माणसं गिरणगावात पोटासाठी गेली. गिरण्यांत बायकाही काम करत. या कामकरी बायकांच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना नेमलं होतं. 1922 च्या सुमाराला त्यांनी नोंदवलं, की या बायकांच्या शंभरातल्या 98 तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. तिला 'बाळगोळी' म्हणत. आज हे ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या आया निर्दय नव्हत्या. तेव्हाच्या कायद्याप्रमाणेही गिरणीतला दिवस अकरा तासांचा असू शकत होता. चाळीतल्या खोलीत मूल सांभाळायला माणूस नाही आणि खाडा केला तर मजुरी बुडते. मूल झोपून राहणं ही त्या घराची गरज झाली होती. मुलाच्या झोपेत बिघाड नव्हता, बिघाड आईच्या कामाच्या तासांत होता. त्यामुळे त्यावरचा खरा उपाय औषधाच्या दुकानात सापडणारच नव्हता. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने, पन्नासाहून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, तो उपाय योग्य दिशेचा होता.

मेलाटोनिन म्हणजे अफू नव्हे, हे लगेच सांगायला हवं. पण बाळगोळीच्या वेळी जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो आज डबी मागवण्याआधी विचारता येतो. हे मूल जागं का आहे?

मेलाटोनिन आपल्या शरीरातच तयार होतं. मेंदूच्या मध्यभागी पिनिअल नावाची वाटाण्याहून लहान ग्रंथी आहे. अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडू लागते, उजाडलं की थांबते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी 1958 मध्ये हे द्रव्य गुरांच्या ग्रंथींमधून वेगळं काढलं. नवजात बाळात त्याची दिवस-रात्रीची लय नसते, ती साधारण तिसऱ्या महिन्यापासून बसू लागते. मजा म्हणजे आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं.

आता लक्षात ठेवण्याची गोष्ट. मेलाटोनिन गुंगी आणणारं औषध नाही. देवळातली सांजआरतीची घंटा वेळ झाल्याचं सांगते, माणसांना हाताला धरून देवळात आणत नाही. मेलाटोनिनचं काम तेवढंच आहे. म्हणून ज्या मुलाच्या शरीराचं घड्याळ मागे पडलं आहे, त्याला झोप लागायला त्याचा थोडा उपयोग होतो. जे मूल रात्री तीनदा उठतं, घोरतं, खाजवतं किंवा घाबरतं, त्याला होत नाही.

काही मुलांना मात्र ते खरंच लागतं. स्वमग्न मुलं, चंचलता आणि अवधानाचा त्रास असलेली मुलं, यांची झोप फार विस्कटलेली असू शकते. युरोपमध्ये 2018 मध्ये स्वमग्न मुलांसाठी मेलाटोनिनच्या खास गोळीला मान्यता मिळाली. पण तिथेही नियम असा, की आधी वेळापत्रक आणि सवयी बदलून पाहायच्या, त्याने भागलं नाही तरच गोळी. अशा घरांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध दिलं, तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. डॉक्टर अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करतात, निजण्याच्या किती आधी द्यायचं ते सांगतात आणि कधी थांबवायचं तेही ठरवतात. लहानपणी वर्षानुवर्षं घेतल्यास वयात येण्याच्या काळावर काय परिणाम होतो, याचे पुरेसे दीर्घ अभ्यास अजून झालेले नाहीत, हेही त्यांच्या मनात असतं.

स्वतःच्या मनाने मागवलेल्या डबीत हा हिशेब नसतो. अमेरिकेत मेलाटोनिन आहारपूरक म्हणून सरसकट मिळतं, म्हणून तिथला अनुभव पाहू. 2023 मध्ये तिथल्या संशोधकांनी 25 प्रकारच्या गमी तपासल्या. त्यांतल्या 22 गमींवर छापलेलं प्रमाण चुकीचं निघालं. कशात लिहिल्याच्या 74 टक्के, कशात 347 टक्के, आणि एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. 2012 ते 2021 या दहा वर्षांत मुलांनी मेलाटोनिन गिळल्याच्या तिथल्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी वर्षाला 8,337 वरून 52,563 वर गेल्या. बहुतेक मुलांना काही झालं नाही, पण काहींना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि दोन मुलं दगावली. गोड, रंगीत, खाऊसारखी दिसणारी वस्तू लहान मुलाच्या हाताशी ठेवली की असं होणारच. ब्रिटनमध्ये हेच मेलाटोनिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

आपल्याकडे याहून जुनी आणि जास्त धोक्याची सवय आहे, ती म्हणजे सर्दी-खोकल्याचं सिरप. 'त्याने पोर शांत झोपतं' म्हणून खोकला नसतानाही चमचा पाजला जातो. ती झोप नसते, क्लोरफेनिरामिनसारख्या औषधाची गुंगी असते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाड्याकडच्या मुलांचे दूषित सिरपने जीव गेले. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा देऊ नयेत. झोपेसाठी खोकल्याची बाटली उघडायची नाही, कोणत्याही वयात.

मग मूल जागं का राहतं? काही कारणं शरीराची असतात. घोरणं, तोंडाने श्वास घेणं, झोपेत श्वास अडखळणं, हे नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे किंवा टॉन्सिलमुळे होऊ शकतं. रात्री गुदद्वाराशी खाज सुटून मूल तळमळत असेल, तर बारीक जंत असू शकतात. पाय सारखे हलवावेसे वाटतात, पोटऱ्या चेपून मागतो, अशा मुलाच्या अंगात लोह कमी असण्याची शक्यता असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली जवळपास 69 बालकं रक्तक्षयी आढळली. तेव्हा हे कारण दुर्मीळ समजू नका. म्हणजे एखाद्या मुलाला गोळी हवीच असते, पण ती शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची किंवा लोहाची. ती कुठली, हे तपासल्यावर कळतं. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना झोपेबद्दल आवर्जून सांगा.

बाकीची कारणं घराच्या वेळापत्रकात असतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्याला दहा ते तेरा, तीही दुपारची धरून. आता हिशेब करा. चार वर्षांचं पोर दुपारी तीन ते साडेपाच झोपलं आणि त्याला सकाळी आठ वाजता उठवलं, तर रात्री साडेआठला ते निजेल कसं? त्याला झोपेचा आजार नाही, त्याची झोप दुपारीच खर्च झाली आहे.

दुसरं कारण उजेड. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना निजण्याआधी तासभर भगभगीत उजेडात खेळवलं, तर त्यांचं मेलाटोनिन जवळजवळ 88 टक्क्यांनी घटलं आणि उजेड काढल्यावरही बराच वेळ वर आलं नाही. अभ्यास अवघ्या दहा मुलांवरचा होता, पण दिशा स्पष्ट आहे. एका हाताने मोबाइल देऊन दुसऱ्या हाताने मेलाटोनिनची गमी द्यायची, यात काय साधतं?

तिसरं कारण चहा. आपल्याकडे संध्याकाळी मोठ्यांबरोबर पोरालाही कपबशी मिळते. चहातलं कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. दुपारनंतरचा चहा आधी बंद करून पाहा.

शाळेच्या वेळेचाही विचार झाला आहे. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये मुलांची झोप पुरी होत नसल्याचा मुद्दा मांडला आणि 8 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. निर्णय चांगला आहे. पण सकाळी मिळालेला जादा वेळ रात्रीच्या मालिकेने किंवा मोबाइलने खाल्ला, तर मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

तर करायचं काय? उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. उठल्यावर पोराला खळ्यात उन्हात खेळू द्या. सकाळचा उजेडच शरीराचं घड्याळ लावतो. जेवण निजण्याच्या तासभर आधी उरका, मग मोठा दिवा मालवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि रोज त्याच क्रमाने हातपाय धुणं, गोष्ट, अंथरूण. मूल आईजवळ किंवा आजीजवळ झोपत असेल तर झोपू द्या. वेगळ्या खोलीत एकट्याने निजायलाच हवं, असा काही नियम नाही. दशावताराला एक रात्र जागलं, चतुर्थीला भजनात उशीर झाला, तर बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ मात्र फार पुढे ढकलू नका.

दोन आठवडे एका वहीत लिहा, कधी आडवा झाला, कधी झोपला, रात्री कितीदा उठला, दुपारी किती झोपला, चहा कधी घेतला. बऱ्याच घरांत कारण त्या वहीतच सापडतं. नाही सापडलं, किंवा घोरणं, झटके, अंथरुणात पुन्हा सुरू झालेली लघवी, दिवसाची मरगळ असं काही दिसलं, तर वही घेऊन कुडाळच्या किंवा ओरोसच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. 'झोपेचं काहीतरी द्या' असं न म्हणता 'हा झोपत का नाही?' असं त्यांना विचारा.

तपासून डॉक्टरांनी औषध दिलं, तर जरूर द्या, सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितल्या दिवसांपुरतं. डबी कपाटात कुलपाआड ठेवा, आणि गमी कितीही गोड असली तरी मुलासमोर तिला खाऊ म्हणू नका.