हळदीचे पेटंट आणि गावची नोंदवही



जखमेवर हळद लावावी, हे डोळखांबच्या घराघरांत ठाऊक आहे. तरीही १९९५ साली अमेरिकेत याच उपयोगावर पेटंट देण्यात आले. परदेशातील तोंडी ज्ञान तेथे तेव्हा पुरावा ठरत नसे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने छापील दाखले सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

शोध जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा, ही पेटंटची कसोटी. जनुकाचे कार्य रोखणाऱ्या तंत्रात ती लावणे अवघड. एका जीवात साधलेले दुसऱ्यात साधेलच असे नाही. वनौषधींबाबत मात्र प्रश्न नोंदीचा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ग्रामपंचायतीच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ती वैदूंच्या संमतीने, जपून भरली जावी.