एक तबकडी गेली तर?

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे गाव आहे. चोरदरवाजाने गडावर जाणारे लोक येथूनच चढणीला लागतात. हा सारा मुलूख जुन्या गुंजण मावळाचा. येथे जपण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर आपण चटकन गडाकडे बोट दाखवू. पण मावळातल्या गावांत गडाइतकीच मोलाची आणि गडापेक्षा फार नाजूक अशी आणखी एक ठेव असते. माळ्यावरच्या पेटीतले मोडी कागद, आणि म्हाताऱ्या बायकांच्या ओठांवरच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

आज असे काम करायला साधने हाताशी आहेत. गावातला कोणीही तरुण कागदाचे छायाचित्र घेईल, आजीचा आवाज भरून ठेवील. खरी अडचण पुढेच आहे. भरलेला आवाज ठेवायचा कुठे? कारण आजी गेल्यावर ती ओवी पुन्हा भरता यायची नाही.

संगणकातला मोठा साठा बहुधा फिरत्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर असतो. तबकडी हे यंत्र आहे, आणि यंत्र केव्हा ना केव्हा बंद पडतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली या प्रश्नावर एक निबंध मांडला. एक मोठी, महाग तबकडी घेण्याऐवजी पुष्कळशा लहान, स्वस्त तबकड्यांचा ताफा करावा, ही त्यांची सूचना. तिच्यातली मेखही त्यांनीच दाखवून दिली. एक तबकडी सरासरी ३०,००० तास चालते असे धरा. मग १०० तबकड्यांच्या ताफ्यात सरासरी ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवडेही भरत नाहीत तोच, कुठली तरी एक निकामी व्हायची. तेव्हा काही जागा जादा माहितीसाठी राखलीच पाहिजे. या रचनेला 'रेड' असे नाव पडले. तिचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात.

आता समजा, आपल्यापाशी प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार तबकड्या आहेत. एकूण जागा १६. त्यांची मांडणी कशी करायची?

'रेड शून्य' या प्रकारात माहितीचे तुकडे करून ते चारही तबकड्यांवर वाटून टाकतात. काम झपाट्याने होते, १६ च्या १६ जागा वापरता येते. पण एक तबकडी गेली की सारेच गेले! नावात शून्य आहे ते उगीच नव्हे.

'रेड एक' म्हणजे आरसा. जे एका तबकडीवर लिहिले तेच दुसरीवर. अशा दोन जोड्या करून माहिती त्या जोड्यांवर वाटली, की त्याला 'रेड दहा' म्हणतात. जागा निम्मी, म्हणजे ८ उरते. एक तबकडी गेली तर तिची जोडीदार असतेच. मात्र एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर उपाय नाही.

'रेड पाच' मध्ये आपल्या ओळखीचा ताळा कामाला येतो. तीन तबकड्यांवर ७, ५ आणि ९ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ आहे, असे समजा. पाचाची तबकडी गेली, तर २१ मधून ७ आणि ९ वजा करा, पाच परत मिळाला. यंत्र ही बेरीज सम-विषमाच्या हिशेबाने करते आणि ताळा सगळ्या तबकड्यांवर आळीपाळीने ठेवते, इतकाच फरक. जागा १२ मिळते. पण लहानसा बदल करायचा तरी जुनी माहिती आणि जुना ताळा वाचायचा, मग नवी माहिती आणि नवा ताळा लिहायचा, अशी चार कामे पडतात. आरशात दोनच पुरतात.

शाळेत आपण शिकलो, की दोन अज्ञात संख्या काढायला दोन समीकरणे लागतात. 'रेड सहा' चे मर्म तेच. येथे निराळ्या रीतीने काढलेला दुसरा ताळा असतो, म्हणून कोणत्याही दोन तबकड्या गेल्या तरी माहिती परत येते. चार तबकड्यांत जागा ८ च मिळते. पण सहा तबकड्या घेतल्या तर 'रेड दहा' मध्ये १२, आणि येथे १६. लिहिणे मात्र याहून मंद.

दुसऱ्या ताळ्याची गरज का वाटावी? बिघडलेली तबकडी बदलली की नवी भरून काढावी लागते. सेकंदाला १५० मेगाबाइट असा चांगला वेग धरला तरी ४ टेराबाइटना सात तासांहून अधिक वेळ लागतो; प्रत्यक्षात बराच जास्त. तेवढा वेळ 'रेड पाच' ला दुसरा आधार नसतो, आणि उरलेल्या तबकड्या तर अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. त्या बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या! म्हणून मोठ्या तबकड्यांच्या ताफ्याला 'रेड सहा' बरा. ज्या कचेरीत दिवसभर नोंदी बदलत असतात, तिथे 'रेड दहा' सोयीचा.

पण एवढे करून आजीची ओवी सुरक्षित झाली का? नाही. चुकून कोणी ती पुसली, तर आरशातूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. वीज पडली, आग लागली, तर सारा ताफा एकाच खोलीत असतो. पानशेत याच वेल्ह्याच्या बाजूचे. १२ जुलै १९६१ रोजी तिथले धरण फुटले, तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत एका कपाटातले कागद भिजले आणि शेजारच्या कपाटातले वाचले, असे थोडेच झाले?

आपल्या जुन्या दप्तरांना ही गोष्ट कळली होती. इनामाच्या पत्रात अंमलदाराला हुकूम असे, की पत्राची नक्कल लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र इनामदाराला परत द्यावे. नक्कल दप्तरात, अस्सल घरात. घर जळले तरी दप्तर राही, दप्तर गेले तरी घर राही.

तेव्हा हिशेब सरळ आहे. एक तबकडी बिघडली तरी काम थांबू नये, यासाठी रेड. वस्तूच नाहीशी होऊ नये, यासाठी दुसऱ्या ठिकाणची नक्कल. पैसा असेल तर दोन्ही करावे. पण गावातल्या मुलांपाशी दोनच तबकड्यांचे पैसे असतील, तर त्यांनी एका पेटीत आरसा मांडत बसू नये. एक तबकडी गुंजवण्यात ठेवावी, दुसरी पुण्याला कोणा विश्वासू माणसाकडे द्यावी. आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून, ओवी ऐकू येते ना, तेवढे पाहावे.