मोरपीस : गळलेले आणि उपटलेले



जुन्या ग्रंथालयातील पुस्तके चाळताना कधी कधी पानांत दडलेले मोरपीस हाती लागते. विद्या यावी म्हणून कोण्या मुलाने ते कधीकाळी तेथे ठेवलेले असते. पुस्तकात ठेवलेल्या पिसाला पिल्लू होते, अशीही बालमनाची एक श्रद्धा आहे. सरस्वतीच्या तसबिरीत मोर दिसतो, कार्तिकेयाचे तो वाहन होतो, कृष्णाच्या मुकुटात त्याचे पीस खोवलेले असते आणि पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाची टोपीही त्याच पिसांची असते. पुस्तकातले ते पीस आले कोठून, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ते पक्ष्याच्या अंगावरून आपोआप गळून पडले, की कोणी उपटून घेतले? प्रश्न लहान दिसतो. पण पिसाला मोल आले म्हणजे पक्ष्याचे काय होते, हा मोठा विषय त्यात सामावलेला आहे.

या विषयाची एक बाजू प्रशांत महासागरात दिसते. जपानच्या दक्षिणेस तोरिशिमा नावाचे ज्वालामुखीचे निर्जन बेट आहे. नावाचा अर्थच 'पक्ष्यांचे बेट' असा. आखूड शेपटीचा अल्बट्रॉस हा थोर समुद्रपक्षी तेथे घरटी करी. पंखांचा पसारा दोन मीटरांहून अधिक, वीण अत्यंत मंद. मादी एका हंगामात एकच अंडे घालते. माणसाचे भय ठाऊक नसल्याने हे पक्षी जवळ आलेल्या माणसापासून पळत नसत. १८८७ पासून गाद्या-उशांच्या पिसांसाठी तेथे काठ्यांनी त्यांची कत्तल सुरू झाली आणि पुढील काही दशकांत सुमारे ५० लाख पक्षी मारले गेले, असा अंदाज आहे. १९४९ मध्ये ही जात नामशेष झाली असे जाहीर झाले. १९५१ मध्ये त्याच बेटावर जेमतेम दहाएक पक्षी पुन्हा आढळले. त्यानंतरच्या कडक संरक्षणामुळे त्यांची संख्या आता काही सहस्रांवर गेली आहे. याच कुळातील पक्ष्यांची शुभ्र पिसे न्यूझीलंडचे माओरी लोक मानचिन्ह म्हणून केसांत धारण करीत. एकाच प्रकारच्या पिसाला एकीकडे प्रतिष्ठेचे मोल होते, तर दुसरीकडे वजनावर ठरणाऱ्या भावाचे.

दुसरी बाजू आपल्या शेजारी आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ-चंद्रपूरच्या दक्षिणेस जुना आदिलाबाद जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत तो हैदराबाद संस्थानाच्या व पुढे राज्याच्या भूमीत होता, नंतर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. येथील राजगोंड आणि कोलाम समाजांत आश्विन पौर्णिमेनंतर दंडारीचा उत्सव सुरू होतो, तो दिवाळीला समाप्त होतो. या काळात नर्तकांचे मेळे वाद्ये वाजवीत गावोगाव जातात, यजमान गाव त्यांचे आतिथ्य करते आणि सोयरिकीची बोलणीही अशा भेटींत निघतात. मेळ्यातील सर्वांत लक्षवेधी पुरुष म्हणजे गुसाडी. अंगाला राख, खांद्यावर जनावराचे कातडे, हाती सोटा, आणि मस्तकी शेकडो मोरपिसांचा घेरदार मुकुट. या मुकुटाला 'मल-बूरा' म्हणतात. गोंडीत 'मल' म्हणजे मोर. व्रत संपेपर्यंत गुसाडी स्नान करीत नाही. मुकुटाची पूजा होते, आणि उत्सव संपला की तो जपून ठेवला जातो. म्हणून तो केवळ वेशभूषेचा भाग नाही. तो देवतेचा ठेवा आहे आणि एका पिढीकडून दुसरीकडे जातो.

या उत्सवाच्या काळाशी मोराचा जीवनक्रम कसा जुळतो, हे पाहण्याजोगे आहे. ज्याला आपण मोराची शेपूट म्हणतो ती वस्तुतः शेपूट नव्हे. खरी शेपूट आखूड, तपकिरी, वीस पिसांची असते आणि ती मागून आधार देते. पिसारा असतो तो शेपटीच्या वरच्या बाजूस वाढलेल्या, दीडशेच्या आसपास लांब पिसांचा. त्यातील निळा-हिरवा रंग हाही रंगद्रव्याचा नव्हे. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत कृष्णरंजकाचे अतिसूक्ष्म दंड जाळीसारखे रचलेले असतात. त्या रचनेवरून प्रकाश परतताना हे रंग उमटतात. पीस कुटून भुकटी केली तर निळाई नाहीशी होऊन करडा चुरा तेवढा उरतो. या पिसाऱ्याने डार्विनलाही कोड्यात टाकले होते. जगण्याच्या झुंजीत ओझे ठरणारा असा अवयव टिकला कसा? मादीची निवड हे उत्तर त्याने १८७१ च्या ग्रंथात सविस्तर मांडले.

पावसाळा हा मोराचा विणीचा काळ. तो सरत आला की पिसाऱ्याचे प्रयोजन संपते आणि भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास ती पिसे एकेक करून गळू लागतात. पुढील काही महिन्यांत नवी उगवतात. म्हणजे दंडारीचे ढोल वाजण्याच्या थोडे आधी रानाने आपले देणे झाडांखाली मांडून ठेवलेले असते. उत्सवाची तिथी मोराकडे पाहून ठरली, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या मुकुटाची पिसे गळतीत मिळतात आणि जो दरवर्षी नवा करावा लागत नाही, त्यासाठी मोर मारण्याचे कारण उरत नाही, एवढे निश्चित. तोरिशिमाच्या व्यापाऱ्याला पक्षी मेलेला हवा होता. मुकुट बांधणाऱ्याला तो जिवंत हवा. कारण पुढच्या वर्षीची पिसे त्याच्याच अंगावर वाढायची असतात.

धोका आहे तो या दोहोंच्या मधल्या बाजारात. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. शिकार हा गंभीर गुन्हा झाला. त्याच कायद्याने पिसाऱ्याच्या पिसांना मात्र देशांतर्गत व्यापारापुरती सवलत ठेवली, कारण ती नैसर्गिकरीत्या गळतात. सवलतीमागचा हेतू रास्त होता. परंतु पंख्यात किंवा शोभेच्या गुच्छात बांधलेली पिसे गळलेली की उपटलेली, हे ग्राहकाला कळणे कठीण. मुळाशी पाहिले तर खूण असते: आपोआप गळलेल्या पिसाचे टोक कोरडे व स्वच्छ, तर ओढून काढलेल्या पिसाच्या मुळाशी रक्ताचा वा मांसाचा अंश. ते टोक कापून टाकले की पुरावाही जातो. देशात मोरांची संख्या वाढल्याचे पक्षिगणना सांगतात. पण शेतातील विषारी बियाणे खाऊन मरणारे मोरही याच देशात आहेत.

या साऱ्याचा ग्रंथालयाशी संबंध काय? १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम यांचा उठाव मोडून काढला गेला. त्यानंतर ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या भागात आले, मारलवाई गावी राहिले आणि १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या पुढाकाराने गोंडी मुलांसाठी निघालेली पुस्तके देवनागरी लिपीत होती. त्याच मारलवाईचे कनक राजू यांनी १९८१ मध्ये दिल्लीच्या प्रजासत्ताकदिनी गुसाडी नृत्य सादर केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. असा एक माणूस जातो तेव्हा पिसे कोठे वेचावी, कशी बांधावी, मुकुट कसा जपावा, ही विद्याही त्याच्याबरोबर थोडी जाते. ती ज्या लिपीत एकदा उतरू लागली, तीच आपल्या कपाटांतील ग्रंथांची लिपी आहे. मराठी ग्रंथालयाला ही शेजारची विद्या परकी मानता येणार नाही.

तेव्हा पुढच्या खेपेस एखादे मूल मोरपीस घेऊन आले, तर ते पुस्तकात ठेवण्यापूर्वी त्याचे मूळ पाहावयास त्याला शिकवावे. टोक कोरडे असेल तर ते रानाने दिलेले आहे. ओले असेल, तर ते कोणाकडून तरी हिसकावून घेतलेले आहे. विद्या यावी म्हणून पीस ठेवण्याची प्रथा चांगलीच आहे. पण त्या विद्येचा पहिला पाठ पिसाच्या मुळाशीच आहे.